एमी वाइनहाउस ‘फक्त रेकॉर्डवरच ऐकावी’ म्हणणाऱ्यांना

कोपऱ्यातला स्पीकर

काल ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसबद्दल कांदेपोहे यांनी लिहिलं, ‘एमी म्हणजे मार्क रॉन्सन या संगीत-निर्मात्याने बांधलेली इमारत. रेकॉर्ड ऐकावी आणि सुखी राहावं. लाइव्हच्या नादी लागू नये, तिथे नुसता तमाशा.’ खाली पटापट अंगठे पडले. मी रात्री दोनपर्यंत चरफडत जागा होतो, म्हणून हा वेगळा धागा.

आधी एक. ‘तमाशा’ हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांनी एकदा फडावर जाऊन बसावं. तिथे गळा चुकला तर लपायला जागा नसते. असो.

आता इमारतीबद्दल. ‘बॅक टू ब्लॅक’ या तिच्या अल्बमवर अकरा गाणी. रॉन्सनची सहा, सलाम रेमी या दुसऱ्या निर्मात्याची पाच. म्हणजे एका बिल्डरचं नाव लावायचं तरी अर्ध्याच मजल्यांना लागेल. शिवाय शब्द आणि चाली बहुतेक तिच्या. रॉन्सनने वाद्यं उभी केली आणि फार सुंदर उभी केली, वाद नाही. पण ती काढून घेतल्यावर काय उरतं हे बघायची सोय आहे की!

३ डिसेंबर २००६. अल्बम येऊन जेमतेम पाच आठवडे झालेले. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला डिंगल नावाचं गाव, तिथलं सेंट जेम्स चर्च, समोर ऐंशीच्या आसपास माणसं. बॅसवर डेल डेव्हिस, गिटारवर रॉबिन बॅनर्जी. ड्रम नाहीत, ट्रम्पेट-सॅक्सोफोन नाहीत, कोरस नाही. आणि ही बाई रेकॉर्डवरची सरळ ओळ घेऊन तिला मात्रेच्या मागे रेलून टाकते. आता हुकली, आता हुकली असं वाटेपर्यंत थांबते आणि बरोबर जागेवर येऊन बसते. रेकॉर्डवर ड्रम तिला पुढे ढकलत असतो. इथे ढकलणारं कुणी नाही, तिला हवा तितका वेळ ती घेते. मला रेकॉर्ड ऐकताना गाणं आवडतं. डिंगल ऐकताना गाणारी कळते.

बेलग्रेडचा व्हिडिओ कृपया चिकटवू नका. पाहिलाय.

कांदेपोहे

चिकटवत नाही, पण बोलणार. एका चर्चवर किती दिवस काढणार आहात? तुमची ती लाइव्ह एमी ऐंशी जणांना दिसली. नोव्हेंबर २००७ मध्ये बर्मिंगहॅमला लोकांनी हुर्यो उडवली, महिना संपायच्या आत पुढचे कार्यक्रम रद्द. १८ जून २०११ ला बेलग्रेडला वीसेक हजार लोक होते. ती झोकांड्या खातेय, शब्द आठवत नाहीत, पब्लिक ओरडतंय. हे लाइव्ह नव्हतं का? आपल्याला आवडलं ते ‘लाइव्ह’ आणि नाही आवडलं तो ‘आजार’, ही वाटणी कोणत्या हिशेबाने?

आणि वाद्यं काढून काय उरतं ते स्टुडिओतही दिसतं. असिफ कपाडियाच्या २०१५ च्या डॉक्युमेंटरीत तो तुकडा आहे ना, ती हेडफोन लावून गातेय, बँडचा आवाज काढून टाकलाय आणि नुसता गळा ऐकू येतोय. अंगावर काटा येतो. ते रेकॉर्डिंगच आहे हो! त्यात प्रेक्षक नाही, कॅमेऱ्यांची झुंबड नाही, म्हणूनच ते तसं झालं.

रॉन्सनची इमारत म्हटलं ते मागे घेते. अर्धं. तुमच्या सहा-पाचच्या हिशेबाने.

ठासून भरलेली सीडी

कुणीतरी मास्टरिंगबद्दल, म्हणजे छापण्याआधी आवाजावर शेवटचा हात फिरवतात त्याबद्दल, बोलणार का? त्या सीडीत आवाज इतका ठासून भरलाय की चौथ्या गाण्याला कान थकतात. तुम्ही ज्याला ‘रेकॉर्डिंग’ म्हणताय ते मुळात कोणतं? सीडी, एलपी की फोनवरचं?

तानपुऱ्याची तार

आमच्याकडे शास्त्रीय गाण्यात हा वाद शंभर वर्षं जुना आहे. केसरबाई केरकरांना रेकॉर्डिंगचा तिटकारा. मैफलीत तासभर राग उलगडणाऱ्या बाई, त्यांना तव्याच्या, म्हणजे जुन्या रेकॉर्डच्या, साडेतीन मिनिटांत कोंबायचं म्हणजे काय! आणि नियतीचा खेळ बघा, १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानाबरोबर सूर्यमालेबाहेर निघाली ती त्यांची भैरवी, तीच साडेतीन मिनिटांची. परग्रहावरच्या रसिकाला मैफल मिळणार नाही, तवाच मिळणार. तेव्हा रेकॉर्डला तुच्छ लेखू नये. पण त्यावरून केसरबाई कळल्या असंही त्याने समजू नये.

तुमच्या या मुलीचं डिंगलचं गाणं नातवाने ऐकवलं. मात्रेशी खेळते खरी. सूर थोडा नाकात आहे.

ब्रुकलिनचा बाप्या

एवढं सगळं लिहून झालं आणि एकानेही अमेरिकन गायिका शॅरन जोन्सचं नाव घेतलेलं नाही. धन्य आहे.

रॉन्सनच्या गाण्यांतला तो जुना, उबदार साउंड कुठून आला? न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या डॅप्टोन स्टुडिओमधून. डॅप-किंग्ज हा बँड कुणाचा? शॅरन जोन्सचा. त्यांनी ते तुकडे वाजवले तेव्हा एमी तिथे नव्हतीही. मग २००७ मध्ये हेच लोक एमीबरोबर अमेरिकेत दौऱ्यावर. आणि शॅरन? पहिला अल्बम आला २००२ मध्ये, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी. त्याआधी रायकर्स आयलंडच्या तुरुंगात रक्षक होती. जास्तच काळी, जास्तच बुटकी, जास्तच जाडी, असं ऐकून घेतलेली बाई. ती स्टेजवर आली की पहिल्या मिनिटापासून घाम. कॅन्सर झाला, केमो झाली, केस गेले, तरी २०१४ मध्ये विग न लावता नाचत गात होती. २०१६ मध्ये गेली.

तुम्हाला लाइव्ह सोल, म्हणजे काळ्या अमेरिकनांचं ते जीव ओतून गायलेलं गाणं, हवं आहे ना? मग वेळेवर येणारी, शब्द लक्षात ठेवणारी बाई का चालत नाही? कारण ती पडत नाही. पडणारी बघायला मजा येते. नीट वागणाऱ्यावर कुणी डॉक्युमेंटरी काढत नाही.

कांदेपोहे

काढली आहे. बार्बरा कॉपलने, २०१५ मध्येच. तुम्ही शॅरनचे एवढे भक्त आणि तुम्हालाच माहीत नाही?

ब्रुकलिनचा बाप्या

माहीत आहे. लिहिण्याच्या भरात राहून गेलं. पण ऑस्कर कुणाच्या डॉक्युमेंटरीला मिळालं ते सांगा.

कोपऱ्यातला स्पीकर

बाप्या, तुझं दुखणं खरं आहे, पण पत्ता चुकलाय. शॅरनवर अन्याय झाला तो एमीने केला का? आणि ‘पडणारी बघायला मजा येते’ हे मला उद्देशून असेल तर शब्द मागे घे. मी डिंगलबद्दल लिहिलं, जिथे ती ताठ उभी आहे. बेलग्रेड तुम्ही लोक काढताय.

ब्रुकलिनचा बाप्या

मजा हा शब्द मागे. बाकी सगळं तिथेच.

मीटर डाउन

मी मधे बोलतो, कारण इथे सगळे कलावंताच्या बाजूने आहेत, तिकीट काढणाऱ्याच्या बाजूने कुणीच नाही.

काही वर्षांपूर्वी मुंबईत एका मोठ्या गायकाचा कार्यक्रम होता. नाव घेत नाही. बायकोच्या वाढदिवसासाठी दोन तिकिटं काढली, सहा हजार गेले. साहेब दोन तास उशिरा आले, तेही टाइट. चार गाणी पब्लिककडून म्हणवून घेतली, माइक समोर धरून. सहा हजार देऊन मीच गाऊन आलो! मी हुर्यो केली. शिट्ट्या मारल्या. आजिबात पश्चात्ताप नाही. बेलग्रेडच्या लोकांनी काय चूक केली? गवंड्याने भिंत वाकडी बांधली तर आपण म्हणतो का, की बिचाऱ्याचा घटस्फोट झालाय?

कोपऱ्यातला स्पीकर

भिंत आणि गळा एकच का? ती पस्तीस दिवसांनी मेली, साहेब. सत्तावीस वर्षांची होती.

मीटर डाउन

ते हुर्यो करणाऱ्यांना त्या रात्री माहीत होतं का? मेल्यावर सगळे शहाणे. तुम्ही त्या गर्दीत असता तर काय, डोळे मिटून ध्यान केलं असतंत?

तानपुऱ्याची तार

भाषा जरा सांभाळा.

मीटर डाउन

आजी, तुम्ही मधे पडू नका.

तानपुऱ्याची तार

आजोबा म्हणा. मी पुरुष आहे.

साइडऱ्हिदम

एवढं चाललंय तर मी पण लिहितो. मला ही बाई फार माहीत नव्हती, आज दुपारी बसून बघितली. पण स्टेज माहीत आहे. नाशिक जिल्ह्यात एका ऑर्केस्ट्रात तेरा वर्षं ऑक्टोपॅड आणि ढोलकी वाजवली. जत्रा, गणपती, लग्नाची हळद, सगळं.

आमचा मुख्य गायक होता, त्याला सगळे मास्तर म्हणायचे. गळा असा की पहिल्या ओळीला चहाच्या टपरीवरची माणसं उठून यायची. आणि पिणं असं की दुपारी चारनंतर भरवसा नाही. मग आम्ही पद्धत बसवली. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबून अर्धी पट्टी खाली आणायचा. अंतरा विसरला की मी एक फेक द्यायचो, सगळे परत मुखड्याच्या म्युझिकवर. तिसऱ्यांदा विसरला की कोरसची मुलगी उचलायची. पब्लिकला वाटायचं काय बांधणी आहे!

म्हणून त्या बेलग्रेडच्या व्हिडिओत मी तिच्याकडे बघितलंच नाही. मागे वाजवणाऱ्यांकडे बघितलं. ते एकमेकांकडे बघतात ते बघणं मला ओळखीचं आहे.

एका जत्रेला मास्तरला उभं राहता येत नव्हतं. पण सुपारी त्याच्या नावावर होती. तो नाही तर पैसे नाहीत, आणि आम्ही अकरा जण, टेम्पोचं भाडं वेगळं. दोघांनी दोन्ही दंडाला धरून पायऱ्या चढवल्या. त्यातला एक मी. दुसऱ्या गाण्याला पहिली चप्पल आली. तुम्ही म्हणता हुर्यो बरोबर की चूक. मला चप्पल मारणाऱ्याचा राग नाही आला. त्याने पैसे दिले नव्हते, पण दोन कोस चालत आला होता. मला त्या पायऱ्या आठवतात.

त्याच रात्री सामान भरताना जनरेटर बंद झाला. मास्तर टेम्पोच्या फाळक्यावर बसला आणि गायला लागला. वाद्य नाही, माइक नाही. आम्ही सगळे हातातलं सामान तसंच धरून उभे राहिलो. तसं गाणं मी परत ऐकलं नाही.

त्याची एक कॅसेट पण आहे, भक्तिगीतांची. सुरात आहे, स्वच्छ आहे. शाळेच्या गॅदरिंगमधल्या मुलासारखा गातो त्यात.

कांदेपोहे

यावर काय लिहिणार? तरीही लिहिते, कारण मी हट्टी आहे.

मार्च २०११ मध्ये, म्हणजे बेलग्रेडच्या तीन महिने आधी, तिने टोनी बेनेट या बुजुर्ग अमेरिकन गायकाबरोबर लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत एक जुनं जॅझ गाणं रेकॉर्ड केलं. ती इतकी घाबरलेली की मधेच थांबवायला बघते. बेनेट तिच्याशी डिना वॉशिंग्टन या जुन्या गायिकेबद्दल बोलत बसतात आणि हळूहळू ती सैल होते. गळा शाबूत होता हो! दौऱ्यावर तिला थांबता येत नव्हतं, स्टुडिओत थांबता आलं. मी रेकॉर्डिंगची बाजू घेते ती एवढ्यासाठी. तिथे दुसरा टेक असतो.

कोपऱ्यातला स्पीकर

हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ते दोघं एकाच खोलीत, समोरासमोर गायले. स्टुडिओतलं लाइव्ह झालं ते.

कांदेपोहे

तुम्हाला पोह्यात लिंबू पिळलं तरी ते लिंबाचं लोणचं वाटेल.

कोपऱ्यातला स्पीकर

बरं. दुसऱ्या टेकचा मुद्दा मान्य. डिंगललाही कुणी घाई करत नव्हतं, एवढं जोडतो. म्हणजे चर्च आणि ॲबी रोड एका बाजूला आणि वीस हजारांचं मैदान दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी केली तर तुमचं माझं भांडण मिटतं. पण ‘नुसता तमाशा’ हे शब्द अजून बोचताहेत.

कांदेपोहे

तमाशा मागे. तोही फक्त तुमच्या फडावरच्या त्या परिच्छेदामुळे.

ब्रुकलिनचा बाप्या

शॅरन जोन्स वीस हजारांच्या मैदानातही गायली असती. एवढंच बोलतो आणि जातो.

मीटर डाउन

साइडऱ्हिदम भाऊ, तुमचं वाचून घरी दाखवलं. बायको म्हणाली, त्या रात्री तू शिट्ट्या मारत होतास तेव्हा मला लाज वाटत होती. हे तिने इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. तरी माझं म्हणणं आहे, पैसे परत द्यायला हवे होते. आणि चढवणाऱ्यांनी चढवायला नको होतं.

साइडऱ्हिदम

आमच्याकडून गावाने अर्धी सुपारी परत घेतली. बरोबरच होतं ते. चढवण्याचं म्हणाल तर पुढच्या आठवड्यात सिन्नरला परत चढवला.

ठासून भरलेली सीडी

मास्टरिंगबद्दल कुणी बोललं नाही ते नाहीच. असो. साइडऱ्हिदम, ती कॅसेट अजून वाजते का? माझ्याकडे चांगला डेक आहे, डिजिटल करून देतो. पैसे नकोत. आवाज ठासून भरणार नाही.

साइडऱ्हिदम

बुरशी आहे थोडी. पाठवतो. एक सांगून ठेवतो, त्यात पण अर्धी पट्टी उतरवलेली आहे. तुमच्या मशीनवर चढवू नका, तशीच राहू द्या.