मदत हवी आहे: तुळजापूर-नळदुर्गकडच्या माळावरचा तुरेवाला चंडोल नेमका कोणता?

मुरमाड माळ, कुसळी गवत, मधेमधे ज्वारीची रानं. पक्षी चिमणीएवढाच, डोक्यावर टोकदार तुरा, चोच बारीक. पोटापर्यंत तांबूस-बदामी रंग आणि छातीवर मोजक्याच, बारीक रेघा. उडत गाताना मधेच दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढतो.

मुरारी (तांबूस शेपटीचा चंडोल) नक्की नाही. त्याची चोच जाड आणि तांबूस शेपटीच्या टोकाला काळी पट्टी असते. डोंबारीचा (हाही माळावरचा, पण बिनतुऱ्याचा छोटा चंडोल) तर प्रश्नच नाही, तुरा आहे ना! प्रश्न उरतो तो साइक्सचा चंडोल की मलबारी चंडोल, एवढाच; तुरा दोघांनाही असतो. मलबारीच्या छातीवरच्या रेघा ठळक आणि दाट, पोट पांढुरकं, अंगानं तो थोडा मोठा, आणि मुख्यतः सह्याद्रीकडच्या जास्त पावसाच्या भागातला. माझा कल साइक्सकडे आहे.

तरी शंका राहते. उन्हाळ्यात पिसं झिजली की रेघा पुसट होतात आणि संध्याकाळच्या उन्हात पांढरं पोटही तांबूस दिसतं. शेपटीच्या कडेची पिसं दोघांचीही तांबूस, त्यामुळे तिचा उपयोग नाही. तुरा खाली पाडून बसला तर आणखी पंचाईत.

बालाघाट डोंगररांगेच्या पट्ट्यात काढलेले, छाती आणि पोट समोरून दिसेल असे सकाळच्या सावलीतले फोटो कुणाकडे आहेत का? महिना जरूर लिहा. धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद)-बीड भागात मलबारी खात्रीनं पाहिला असेल, तर कोणत्या खुणेवरून ओळखला तेही सांगा. नुसतं 'चंडोल आहे' नको. घरटं असेल तर त्याचा फोटो काढायला जवळ जाऊ नका.