लंग ट्रान्सप्लांटनंतर बाबांचं पोट रिकामंच होत नाही, कोणाला अनुभव आहे का?

कोपरखैरणेकर_पोरगी
नमस्कार मंडळी. बाबांना आयएलडी (फुफ्फुसं कडक होत जाण्याचा आजार) होता, मागच्या वर्षी चेन्नईला दोन्ही फुफ्फुसांचं ट्रान्सप्लांट झालं. श्वासाचं म्हणाल तर एकदम झकास, ऑक्सिजन सुटला, सेक्टरच्या गार्डनमध्ये फेऱ्या मारतात. पण गणपतीनंतर जेवणाचं तंत्रच बिघडलंय. अर्धी पोळी खाल्ली की पोट गच्च, वर करपट ढेकर, आणि परवा तर रात्री उलटी झाली त्यात सकाळच्या पोह्यांमधले शेंगदाणे जसेच्या तसे!! वजन उतरतंय. टॅक्रोलिमसची (शरीराने नवीन फुफ्फुसं नाकारू नयेत म्हणून घ्यायची गोळी) रक्तातली लेव्हल पण एकदा खाली एकदा वर, डोस तर बदललेला नाही. इथल्या डॉक्टरांनी ॲसिडिटी म्हणून डीएसआर कॅप्सूल लिहून दिली आणि सॅलड, फायबर वाढवा म्हणाले. सॅलड खाल्ल्यावर तर अजूनच वाईट. चेन्नईच्या टीमला एवढ्याशा ढेकरांसाठी त्रास द्यायचा का हेच कळेना. कोणी यातून गेलंय का?

घोडबंदर_रोडवाली
अगं एवढंसं कसलं, आजच कळव त्यांना! माझ्या दिरांचं सेम टू सेम झालं होतं. याला गॅस्ट्रोपरेसिस म्हणतात, पोटाला पुढे ढकलायची ताकदच राहत नाही. पोटाची हालचाल चालवणारी व्हेगस नावाची नस फुफ्फुसांच्या अगदी जवळून जाते, ऑपरेशनमध्ये तिला धक्का लागू शकतो, त्यामुळे लंगवाल्यांमध्ये हे बरंच दिसतं असं आम्हाला सांगितलं. आणि त्यात खरी भीती उलटीची नाहीये. रात्री आडवं झाल्यावर पोटातलं थोडं थोडं वर येऊन श्वासनलिकेत जातं, पेशंटला कळतही नाही, आणि त्याने नवीन फुफ्फुसं खराब व्हायला लागतात, क्रॉनिक रिजेक्शनशी (शरीर नवीन फुफ्फुसं हळूहळू नाकारतं त्याच्याशी) पण याचा संबंध जोडतात. म्हणून बाबांची स्पायरोमीटरची (फुंकर मारून फुफ्फुसांची ताकद मोजायच्या मशीनची) वही काढून बघ, एफईव्ही१ म्हणजे पहिल्या सेकंदात जोरात बाहेर टाकलेली हवा, तो आकडा खाली सरकतोय का. पलंगाची डोक्याकडची बाजू उचलून घ्या (नुसत्या उशा रचून मान दुखते बाकी काही होत नाही), आणि रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी.

टेस्ट सोपी आहे. आधी एंडोस्कोपी करतात, म्हणजे कुठे अडथळा नाही ना ते कळतं, मग न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये स्कॅन. किंचित रेडिओॲक्टिव्ह औषध घातलेलं खाणं देतात, बहुतेक ठिकाणी अंडं असतं पण दिरांना इडलीत दिलं होतं, आणि चार तास मधेमधे फोटो काढतात. चार तासांनी १० टक्क्यांपेक्षा जास्त पोटातच राहिलं असेल तर पोट स्लो आहे. बसून बसून कंटाळा येतो, डाउनलोड करून काहीतरी घेऊन जा.

वाशीचा_फार्मासिस्ट
त्या डीएसआरबद्दल लिहितो. त्यात ॲसिडिटीच्या औषधासोबत डोमपेरिडोन असतं, कधी कधी एलएसआर देतात त्यात लेव्होसल्पिराइड. डोमपेरिडोनने पोट हलतं हे खरं, पण हृदयाच्या ईसीजीमध्ये क्यूटी नावाचं अंतर लांबू शकतं, म्हणजे ठोके बिघडायचा धोका. लंग ट्रान्सप्लांटवाल्यांना बऱ्याचदा बुरशीसाठी व्होरिकोनॅझोल किंवा पोसाकोनॅझोल चालू असतं, कोणाकोणाला ॲझिथ्रोमायसिन पण, आणि ही सगळी क्यूटी लांबवणारीच मंडळी. त्यात ही बुरशीची औषधं डोमपेरिडोनचं रक्तातलं प्रमाण पण वाढवतात. लेव्होसल्पिराइड आणि पोट हलवणारं दुसरं औषध मेटोक्लोप्रमाइड, यांनी हात थरथरू शकतात, टॅक्रोलिमसने पण थरथरतात, मग कोणामुळे थरथरतायत ते ओळखणार कसं? पोट हलवायला इरिथ्रोमायसिनही देतात, ते टॅक्रोलिमसची लेव्हल भसकन वर नेतं आणि किडनीला फटका बसतो. म्हणजे ही औषधं वाईट असं नाही, टीम स्वतःच देईल कदाचित, पण ईसीजी बघून आणि लेव्हल मोजून.

लेव्हल वरखाली होतेय त्याचं कारणही हे पोटच असू शकतं. गोळी पोटातच रेंगाळली तर रक्तात कधी उतरेल सांगता येत नाही. गोळीनंतर उलटी झाली तर मनाने डबल डोस देऊ नका, कोऑर्डिनेटरला फोन करा. बाबांना शुगर आहे का?

ऐरोली_किडनी_ग्रुप
मी किडनीवाला, आईने दिलीय. माझं पोट डायबिटीसमुळे आधीपासूनच स्लो, ट्रान्सप्लांटनंतर स्टिरॉइडने शुगर अजून भडकली की पोट अजून सुस्त. शुगर आटोक्यात आली की बराच फरक पडतो.
खाण्याचं सांगतो, ते सॅलड आधी बंद करा. साधारण लोकांना फायबर चांगलं पण स्लो पोटात ते साचतं, कधी कधी त्याचा गोळाच बनतो. गवार, मेथी, संत्र्याची सालपटं, शेंगदाणे, तळलेलं सगळं बंद. माझं चालतं ते म्हणजे मऊ भात मुगाचं वरण, गाळलेलं दुधीचं सूप, रव्याची पातळ खीर, उकडलेलं अंडं, आणि हे सगळं वाटीवाटीने दिवसातून सहा वेळा. घट्ट जात नसेल तर पातळ करून द्या, पातळ पदार्थ लवकर पुढे सरकतात. लग्नाचं जेवण विसरा, मी विसरलोय 😄

मुलुंडची_मावशी
अगं ओवा, सुंठ, हिंग यांचं चूर्ण गरम पाण्यातून दे, आमच्याकडे सगळे घेतात.

वाशीचा_फार्मासिस्ट
मावशी, फोडणीतलं हिंग खुशाल चालू द्या, पण चूर्ण, काढे, गिलोय वगैरे ट्रान्सप्लांटवाल्यांना विचारल्याशिवाय अजिबात नको. आणि पपनस पण नको, त्यानेही लेव्हल वाढते.

कोपरखैरणेकर_पोरगी
बापरे, थँक्यू सगळ्यांना. शुगर आहे, ट्रान्सप्लांटनंतरच आली. व्होरिकोनॅझोल पण चालू आहे, आत्ताच डबा उघडून बघितलं. पण हे असं कायमचं राहणार का हो?

घोडबंदर_रोडवाली
तसं काही नाही, बऱ्याच जणांचं काही महिन्यांत सुधारतं. दिरांचं बरंच सुधारलं, पूर्ण नाही. नाहीच झालं तर पोटाच्या खालच्या तोंडाचा स्नायू एंडोस्कोपीतून कापतात, त्याला जी-पोएम म्हणतात, आणि वजन फारच घसरलं तर काही दिवस आतड्यात नळी टाकून फीड देतात. शिवाय टीम सीएमव्हीची टेस्ट सांगेल, त्या व्हायरसनेही पोट मंदावतं. मायकोफेनोलेट (हेही रिजेक्शन टाळायचं औषध) चालू असेल तर त्याच्यामुळे मळमळ आहे का तेही बघतील.

कोपरखैरणेकर_पोरगी
कोऑर्डिनेटरशी बोलणं झालं. कॅप्सूलच्या स्ट्रिपचा फोटो मागितला, ती आजपासून बंद, आणि उद्या ईसीजी करून पाठवायचाय. एफईव्ही१ थोडा खाली आलाय, वहीत दिसतंय. स्कॅन इथेच नवी मुंबईत केला तरी चालेल म्हणाल्या. दिरांनी कुठे केला होता ते मेसेज करता का, प्लीज?

घोडबंदर_रोडवाली
केला बघ मेसेज. जाताना शुगरची मशीन बरोबर ठेव, शुगर फार वर असेल तर स्कॅन पुढे ढकलतात.