आलिया (ज्यू म्हणून इस्रायलला कायमचं राहायला जाणं) करण्याआधी पैशांची तयारी कशी केलीत? अनुभव लिहा

पुढच्या वर्षी पेसाहनंतर, म्हणजे आपल्या वसंतातल्या सणानंतर, आम्ही इस्रायलला निघायचं म्हणतोय. घरात चार माणसं: आम्ही दोघं, दहावीतला मुलगा आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. ठाण्याला वन बीएचके आहे, त्यावर थोडं कर्ज शिल्लक. ह्यांचा पीएफ, माझी पतपेढीतली ठेव आणि अलिबागजवळ सासऱ्यांच्या वाट्याची जमीन. तो वाटा नेमका किती, हे आम्हालाही धड ठाऊक नाही.

कागदपत्रांची यादी मिळाली आहे, ती पुरी करतो आहोत. पैशांची यादी मात्र कुणी देत नाही. आपल्या बेने इस्रायली समाजातलं कोण गेलं, कुठल्या गावात घर मिळालं, मुलगा सैन्यात कधी गेला, हे सगळं सिनेगॉगमध्ये कळतं. किती घेऊन गेले आणि पहिल्या वर्षात किती उरले, यावर कुणी बोलत नाही. म्हणून विचारते. जे गेलात, जे जाऊन परत आलात, जे मागे राहून घरदार सांभाळताय, सगळ्यांनी लिहा. आकडे सांगायचे नसतील तर नका सांगू, पण काय चुकलं ते लिहा.

अश्दोद, मूळ पनवेल (२०१७ ला आलो)

ताई, तिकिटाची काळजी सोडा. एका बाजूचं तिकीट ज्यूइश एजन्सी, म्हणजे आलियाचं काम बघणारी संस्था, देते. विमानतळावरच तेऊदात ओले (नव्याने आलेल्याचं ओळखपत्र) हातात येते आणि साल क्लिताचा, म्हणजे सरकारच्या सुरुवातीच्या मदतीचा, पहिला हप्ताही. बाकीचे हप्ते दर महिन्याला बँकेत, साधारण सहा महिने. उल्पान, म्हणजे हिब्रूचा वर्ग, मोफत: पाच महिने, आठवड्याचे पाच दिवस, एकूण ५०० तास. हे सगळं आम्हाला वेळेवर मिळालं, तक्रार नाही.

चूक आमची झाली. आम्ही साल क्लिता पगारासारखी धरून चाललो. उल्पान आणि साल क्लिता जवळपास एकदमच संपतात. त्यानंतर नोकरी शोधायची, आणि ती लागली तरी पहिला पगार पुढच्या महिन्याच्या ९-१० तारखेला. हा मधला काळ आम्हाला फार जड गेला. बायकोच्या दोन बांगड्या तेव्हा गेल्या. त्या विकायला म्हणून आणल्याच नव्हत्या.

घरभाड्याचं नीट समजून घ्या. आमच्या मालकाने १२ महिन्यांचे पुढच्या तारखांचे चेक एकदम घेतले, वर दोन आरेव मागितले, म्हणजे जामीनदार, तेही पगाराच्या स्लिपा दाखवणारे. कालपरवा आलेल्याला जामीन कोण राहणार? एका कागदावर मावसभावाने सही केली. दुसरा आरेव मिळेना, म्हणून बँक गॅरंटी दिली आणि तेवढी रक्कम वर्षभर अडकली. ही रक्कम आमच्या हिशेबात कुठेच नव्हती. भाड्यावर आर्नोना वेगळा. तो पालिकेचा कर, आणि इथे भाडेकरू भरतो. नव्या ओलेला, म्हणजे आलिया करून आलेल्याला, त्यात चांगली मोठी सूट आहे, पण ती आपोआप लागत नाही, पालिकेत जाऊन अर्ज करायचा. आम्हाला हे पाचव्या महिन्यात कळलं. शिवाय वाद बायित, म्हणजे आपला सोसायटीचा मेंटेनन्स.

आणि ममाद. रॉकेटहल्ल्यात आसरा घ्यायची ही काँक्रीटची सुरक्षित खोली असलेलं घर महाग असतं. आम्ही पैसे वाचवायला जुन्या इमारतीत, ममाद नसलेलं, तिसऱ्या मजल्यावरचं घर घेतलं. सायरन झाला की जिन्यात जाऊन उभं राहायचं. माझ्या आईचे गुडघे दुखतात, ती पायरीवर बसायची, मी तिच्या डोक्यावर हात धरून उभा. दुसऱ्या वर्षी घर बदललं, पुन्हा दलालाचं कमिशन भरलं. तुमच्यासोबत सासूबाई आहेत. ममादचे पैसे आताच बाजूला काढा, त्यात काटकसर करू नका.

माझा आकडा सांगायचा तर सहा महिन्यांचं भाडं आणि घरखर्च, साल क्लिता न धरता, आपल्या खिशात हवा.

लोद, मूळ मुंबई

फर्निचर, फ्रिज काही नेऊ नका. लोक चांगल्या वस्तू देऊन टाकतात, माझं निम्मं घर तसंच भरलं. मिक्सर मात्र न्या, वीज २३० व्होल्टचीच आहे, फक्त प्लग बदलायचा. कुकरच्या जादा रिंगा आणि शिट्ट्या न्या. विळी न्या, खवणीवाली, आणि ती चेक-इनच्या बॅगेत. रोश हशानाला (आपल्या नवीन वर्षाला) चिकाचा हलवा करायचा तर नारळाचं दूध घरी काढलेलंच लागतं, आणि डब्यातलं वर्षभर घेत बसलं तर तेही महागात पडतं.

दात आणि चष्मे भारतातच करून या. चौघांचे.

बेअर शेवा (वय ७८, मूळ मुरुड)

मुलीला सांगून लिहून घेतो आहे. तुम्ही लोक बँक, टीडीएस, ट्रान्सफर बोलता. माझे वडील पन्नासच्या दशकात आले, तेव्हा परकीय चलन बाहेर न्यायला बंदीच होती म्हणा. घर विकून आलेले रुपये भावाकडे ठेवले आणि चार ट्रंका घेऊन निघाले. ट्रंकांत गोधड्या, तांब्याची भांडी आणि सोललेली चिंच. इथे आल्यावर वाळवंटात तंबू, मग कच्ची घरं. तेव्हा आपल्यातल्या काही लोकांनी आम्हाला परत पाठवा म्हणून सत्याग्रह केला, बेअर शेवाला आणि तेल अवीवला. काही कुटुंबं खरोखर परत गेली. त्यातली बरीच पुढे पुन्हा आली, आणि दुसऱ्या खेपेला त्यांच्याकडे पहिल्या खेपेपेक्षाही कमी होतं.

वडिलांच्या भावाकडे ठेवलेले पैसे आम्हाला कधी मिळाले नाहीत. काकांनी ते बुडवले असं मी म्हणत नाही. त्यांच्या मुलीचं लग्न निघालं, घर पडायला आलं, खर्च झाले. पण कागद नव्हता, त्यामुळे विचारताही आलं नाही, आणि दोघं भाऊ शेवटची वीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. पैसे कमी न्या, चालेल. नातेवाइकाकडे तोंडी ठेवून जाऊ नका.

अलिबाग (आम्ही इथेच आहोत)

ताई, तुमच्या जमिनीबद्दल वाचलं आणि राहवेना, म्हणून सविस्तर लिहितो. माझे तीन चुलत भाऊ आणि दोन आत्या तिकडे आहेत. जमीन आजोबांच्या नावावर, नवगावच्या बाजूला. आजोबा गेले १९७१ साली. सातबाऱ्यावर २०१४ पर्यंत त्यांचंच नाव! वारस नोंद कुणी केलीच नाही, कारण प्रत्येकाला वाटलं दुसरा करेल.

आम्ही ती करायला घेतली तेव्हा १७ वारस निघाले. ११ इस्रायलमध्ये, त्यातल्या दोघांचा पत्ता शोधायलाच वर्ष गेलं. नावांचा घोळ तर विचारू नका. आजोबा सातबाऱ्यावर मराठी नावाने, सिनेगॉगच्या नोंदीत हिब्रू नावाने, शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी वळणाचं नाव. एकाच माणसाची तीन नावं हे आपल्याला घरात कळतं, तलाठ्याला कळत नाही. तिकडच्या भावांनी तर आडनावातला ‘कर’ काढून हिब्रू आडनाव घेतलेलं. ‘तोच हा’ म्हणून प्रत्येकाचं प्रतिज्ञापत्र. तिकडच्यांनी तेल अवीवच्या भारतीय दूतावासात जाऊन कुलमुखत्यारपत्रं केली. ती इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरून घ्यावी लागतात. आम्हाला माहीत नव्हतं, त्यामुळे दोन पत्रं पुन्हा करावी लागली.

निघण्याआधी हे करा: सातबारा आणि जुने फेरफार काढा, सासऱ्यांची वारस नोंद झाली का बघा, नसेल तर आत्ता अर्ज द्या. तुम्ही इथे असताना हे काही महिन्यांचं काम आहे. तिथून करायला गेलात तर किती वर्षं लागतील सांगता येत नाही. मुखत्यारपत्र द्यायचं तर मोघम देऊ नका. कुठला गट नंबर, कुठलं काम, आणि विक्रीचा अधिकार आहे की नाही, हे शब्दांत लिहा.

आणि घाईत विकू नका, हे हात जोडून सांगतो. आपल्या राज्यात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. शेवटचा तुकडा गेला की शेतकरी असल्याचा दाखला गेला. पुढे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं) घेतलंत तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते, आणि विकायची तर इथल्या रहिवासी भारतीय नागरिकालाच. मांडव्याला जेटी, रो-रो झाली तशी दलालांची आमच्याकडे रीघ लागली आहे. त्यांना कोण इस्रायलला निघालंय याचा बरोबर वास लागतो. माझ्या धाकट्या आत्याने निघायच्या आदल्या आठवड्यात सही केली. किती भावाने, ते इथे लिहीत नाही, तिला वाचून त्रास होईल.

रामला, मूळ ठाणे

आम्ही फ्लॅट भाड्याने देऊन आलो आणि तीन वर्षांनी विकला. विकणारा इथला रहिवासी असेल तर ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहारात घेणारा १ टक्का टीडीएस कापतो. विकणारा एनआरआय असला की टीडीएस कितीतरी जास्त, आणि लोअर डिडक्शन सर्टिफिकेट (टीडीएस कमी कापायचा आयकर खात्याचा दाखला) आधी काढलं नसेल तर तो नफ्यावर न कापता पूर्ण किमतीवर कापला जातो. आम्ही ते काढलं नव्हतं. विवरणपत्र भरून जादाचे परत मिळाले, पण दीड वर्षाने. त्या पैशांवर इथे घराचं डाउन पेमेंट करायचं ठरलं होतं, ते घर हातचं गेलं. विकायचं असेल तर निघण्याआधी विका, नाहीतर ते सर्टिफिकेट काढल्याशिवाय साठेखत करू नका.

बँकेला स्थलांतर झाल्याचं कळवा, साधं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं रुपयातलं खातं, करून घ्या. घर विकल्याचे, वारसाचे पैसे एनआरओमध्ये जमा होतात आणि तिथून आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सीएचं प्रमाणपत्र आणि तुमचा फॉर्म भरून. आपल्यासारख्यांना ही मर्यादा पुष्कळ झाली. अडचण मर्यादेची नाही, कागद वेळेवर न मिळण्याची आहे. पीपीएफ असेल तर मुदत संपेपर्यंत चालू राहतो, पुढे वाढवता येत नाही. सीए निघण्याआधी धरा. मी इथून फोनवर शोधला आणि खूप मनस्ताप झाला.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. अलिबागच्या दादांचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या गप्पच झाल्या. एक विचारायचं राहिलं: त्यांच्या वयाला तिथे काही मिळतं का? त्यांना इथे सासऱ्यांचं फॅमिली पेन्शन आहे.

दिमोना, मूळ मुंबई

उतारवयात आलेल्यांना बितुआख लेउमीकडून (सरकारी सामाजिक विमा संस्थेकडून) खास वृद्धापकाळ भत्ता असतो, पण तो उत्पन्न बघून ठरतो. भारतातलं पेन्शन खरं खरं सांगा. माझ्या शेजारच्या मावशींनी लपवलं नव्हतं, नुसतं सांगायचं राहिलं, तरी पुढे मिळालेल्यातली रक्कम परत भरावी लागली. पेन्शन तिकडच्या खात्यात चालू ठेवायला दरवर्षी हयातीचा दाखला लागतो, त्याची सोय आधी बँकेत विचारून घ्या. कुपात खोलीममध्ये, म्हणजे आरोग्य विमा संस्थेत, पहिल्याच आठवड्यात नाव घाला. नोकरी नसेल तर पहिलं वर्ष विम्याचा हप्ता लागत नाही. तरी औषधांना थोडे पैसे पडतात, बीपी-शुगरच्या गोळ्या तीन महिन्यांच्या सोबत आणा, डॉक्टरच्या चिठ्ठीसह.

दक्षिणेला भाडी कमी आहेत आणि आपली माणसं पुष्कळ आहेत. नोकऱ्या कमी आहेत, हेही खरं.

मुंबई (१४ महिने राहून परत आलो)

लिहू की नको, विचार करत होतो. तुम्ही परत आलेल्यांनाही विचारलंत म्हणून लिहितो.

मी इथे बँकेत अधिकारी होतो, वय ४९. हिब्रू माझ्या जिभेवर बसली नाही. गोदामात काम केलं, त्याची लाज नव्हती, पण पाठीने साथ दिली नाही. बायको मात्र सहा महिन्यांत अस्खलित बोलायला लागली. ऑक्टोबर २०२३ ला युद्ध पेटल्यावर गोदाम काही आठवडे बंद, हातातलं संपत आलं, इकडे वडील आजारी. परत आलो. हे शक्य झालं एकाच कारणाने: राहतं घर विकलं नव्हतं. नातेवाईक मला तेव्हा म्हणाले होते, मागचा दोर कापल्याशिवाय माणूस तिथे रुजत नाही. तसं रुजलेले मी पाहिले आहेत, त्यांना मी मानतो. पण पन्नाशीला आलेल्या माणसाने दोन वर्षं तरी घर ठेवावं असं माझं मत आहे, टीडीएसचा भुर्दंड पडला तरी. मुलगी तिथेच राहिली, सैन्यातून सुटून आता बेअर शेवाला शिकते. तिच्यासाठी पुन्हा जायचा विचार आहे. यावेळी हिब्रू इथूनच शिकून जाणार, वर्ग लावला आहे.

धागाकर्ती

दादा, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. आमच्याकडे काल रात्री दीड वाजेपर्यंत हिशेब चालला होता.

आतापर्यंत ठरलं ते असं. फ्लॅट विकायचा नाही, भाड्याने द्यायचा. माझी ठेव मोडून कर्ज फेडायचं, म्हणजे भाडं पुरं हातात येईल. पीएफ पहिल्या वर्षासाठी, त्यातलं ममादवाल्या घराचं भाडं आणि बँक गॅरंटी वेगळी काढून ठेवायची. मुलाचा दहावीचा निकाल लागू द्यायचा, म्हणून पेसाहनंतर लगेच न निघता दोन महिने थांबायचं, तेवढे दोन पगार जास्त मिळतील.

जमिनीचं सासूबाईंनी स्वतः अंगावर घेतलं आहे. आज सकाळी त्यांनी लोखंडी कपाटातून पिशवी काढली. त्यात त्यांची केतुबा (लग्नाचा करारपत्र), सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला आणि १९६८ ची शेतसाऱ्याची पावती, घडीवर फाटलेली, मागून टिकल्यांच्या पाकिटाचा कागद चिकटवलेला. केतुबेवर सासऱ्यांचं नाव शमुवेल, दाखल्यावर सॅम्युअल, पावतीवर तिसरंच. मंगळवारी त्या तलाठी कार्यालयात जाणार आहेत, भाच्याला सोबत घेऊन. अलिबागचे दादा, तुम्ही त्या दिवशी गावात असाल तर कळवाल का?

अलिबाग

आहे. साडेदहाला कार्यालयाशी येतो. मूळ कागद आणू नका, झेरॉक्स तीन-तीन प्रती आणा. आणि ती पावती आजच प्लास्टिकमध्ये घाला.