बोरच्या प्रारूपात इलेक्ट्रॉनची ऊर्जा उणे का असते?

प्रश्न (अकरावी विज्ञान, अमळनेर):
हायड्रोजनच्या पहिल्या कक्षेत इलेक्ट्रॉनची ऊर्जा उणे १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचे छोटे एकक) आणि दुसऱ्या कक्षेत उणे ३.४ असते, तरीही बाहेरच्या कक्षेची ऊर्जा जास्त, असे आम्हाला शिकवले. हे कसे? आणि रदरफोर्डच्या अणूत, म्हणजे केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन फिरतात या प्रारूपात, इलेक्ट्रॉन केंद्रकात कोसळायला हवा होता, तर बोरच्या अणूत तो का कोसळत नाही?

उत्तर (भौतिकशास्त्र शिक्षक, जळगाव):
ताई, आपल्या यावल-रावेरकडची केळीच्या बागेतली खोल विहीर डोळ्यांसमोर आणा. जमिनीची पातळी शून्य धरली की तळ उणे येतो. त्याचप्रमाणे केंद्रकापासून पूर्ण सुटलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा शून्य मानतात. पहिल्या कक्षेतून त्याला बाहेर काढायला १३.६ लागतात, दुसरीतून ३.४ पुरतात, म्हणजे दुसरी कक्षा वरच आहे. मात्र या विहिरीच्या पायऱ्या सारख्या नाहीत : पहिली ते दुसरी १०.२, दुसरी ते तिसरी जेमतेम १.८९, आणि पुढे त्या दाटत जातात.

कोसळण्याविषयी : वर्तुळात फिरणारा प्रभार प्रारण (प्रकाशासारख्या लहरी) सोडत ऊर्जा गमावतो, या जुन्या सिद्धांताने रदरफोर्ड यांचा १९११ मधला अणू क्षणभरही टिकला नसता. बोर यांनी १९१३ मध्ये त्याचे कारण दिले नाही. ठरावीक कक्षांत इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत नाही, असे त्यांनी गृहीत धरले. ते गृहीतक होते, हे वर्गात स्पष्ट सांगितले जात नाही, याची मला खंत वाटते.

उत्तर (धुळे):
सरांच्या उत्तराला पुरावा जोडतो. तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर उतरताना १.८९ इलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रकाशकण बाहेर पडतो, आणि त्याची तरंगलांबी येते ६५६ नॅनोमीटर. हायड्रोजनच्या वर्णपटातली हीच ती लाल रेषा, जिच्यासह चार रेषांना बामर यांनी १८८५ मध्येच सूत्रात बसवले होते. ते सूत्र का लागू पडते, हे बोर यांच्यामुळे कळले. मीठ घातलेले वरण उतू गेले की गॅसची निळी ज्योत भगभगीत पिवळी होते, तीही अशीच उडी आहे, सोडियमच्या इलेक्ट्रॉनची, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासची. पण सोडियमला बोर यांचे सूत्र जसेच्या तसे लावू नका, कारण तिथे अकरा इलेक्ट्रॉन आहेत.

प्रश्नकर्ती :
उणे चिन्ह समजले, सर. मग दोन पायऱ्यांच्या मध्ये इलेक्ट्रॉन कधीच नसतो का?

उत्तर (जळगाव) :
बांधलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजली, तर मधले मूल्य कधीच मिळत नाही. पुढे गोल कक्षांची कल्पना मागे पडली, पण हायड्रोजनच्या या पातळ्या आजही जवळपास त्याच आकड्यांवर आहेत.