कराटे, कुस्ती की दांडपट्टा? तुमच्या अंगाला आणि स्वभावाला काय मानवलं?

धागाकर्ती:
लेक आठवीत आहे, चणीनं लहान, बोलायला लाजरी आणि आता अचानक म्हणतेय मला फायटिंग शिकायचंय. सोसायटीत कराटे आहे म्हणून तिथेच घाला हे मला पटत नाही, थोरला तसाच गेला आणि पिवळ्या बेल्टला कंटाळून घरी बसला. तर ज्यांनी काही केलंय त्यांनी लिहा. फी, क्लासची नावं नकोत. अंग कसं होतं, स्वभाव कसा होता आणि मग जमलं का, एवढंच.

लाल माती:
आम्ही कोल्हापूरकडचे, चॉइस वगैरे काही नव्हता, आजोबांनी तालमीत नेऊन सोडलं. उंची कमी, मान आखूड, शाळेत पोरं चिडवायची आणि वस्ताद मात्र बघून खूश! बुटक्याला खाली शिरून पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, सोपं जातं, उंच गडी वाकेपर्यंत काम झालेलं असतं. आणि कुस्ती फक्त धिप्पाडांची हे डोक्यातनं काढा, खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते ५७ किलो गटात. पण ताई, अंगापेक्षा स्वभाव बघा. दुसऱ्याचा घाम, नाकातोंडात माती, कानाशी श्वास, हे ज्याला सोसत नाही तो कितीही जोर-बैठका मारू दे, रमत नाही. त्यातही माती वेगळी आणि मॅट वेगळी. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड, पटापट गुण घ्यायचे, तिथं चपळ आणि उतावळा चालतो. मातीत पाय रुततो, आणि निकाली कुस्ती असली की चितपट होईपर्यंत झुंजायचं, तिथं दम आणि धीर लागतो. मी संथ माणूस, मॅटवर माझं कधीच काही झालं नाही. मुलींच्या कुस्तीचीही आता वेगळी सोय असते बऱ्याच ठिकाणी, चौकशी करा.

जर्सीकर:
इकडे ऑफिसजवळ ब्राझिलियन जिउ-जित्सू आहे म्हणून गेलो, चाळिशी उलटलेली, डेस्क जॉबची ढेरी. उड्या नाहीत, ठोसे नाहीत, बरंचसं जमिनीवर, त्यामुळे गुडघे खूश (बोटांचे सांधे अजिबात नाहीत). १९९३ च्या पहिल्या यूएफसीत (वेगवेगळ्या कलांच्या लढवय्यांची अमेरिकेतली स्पर्धा) वजनगटच नव्हते आणि जिउ-जित्सूवाल्या रॉइस ग्रेसीनं चांगल्या जड जड लोकांना खाली नेऊन हार मानायला लावली, तेव्हापासून बारीक लोकांना ही कला आपली वाटते. खरंय, पण दोघांना सारखंच येत असेल तर वजनदारच भारी पडतो. स्वभावाचं म्हणाल तर इथे रोज हरावं लागतं, हात पिळला की टॅप करायचं, म्हणजे थाप मारून हार कबूल करायची, हसायचं, परत सुरू. एक तगडा माणूस यायचा, त्याला टॅप करणं म्हणजे अपमान वाटायचा, खांदा दुखावून घेतला आणि यायचा बंद झाला. छातीवर कुणी बसलं की ज्याचा जीव घाबरतो त्यानं आधी ट्रायल घेऊन बघावी.

लंबूटांग:
तायक्वांदो, शाळेपासून. माझे पाय लांब म्हणून सरांनीच ओढलं. डोक्याला किक लागली तर तीन गुण, अंगावर दोन, ठोशाला एकच, म्हणजे लंब्या पायांची चैनच. मला कुणी जवळ आलेलं आवडत नाही आणि इथे सगळा खेळ अंतर राखण्याचा, म्हणून टिकले. मांड्या मोकळ्या व्हायला मात्र वर्ष गेलं आणि तेवढा काळ नुसती रडारड.

धागाकर्ती:
लंबूटांग, आमची पावणेपाच फूट आहे गं. आणि कुणाला भिडेल असंही वाटत नाही.

पट्टेकरीण:
मग लाठी द्या हातात! माझंही तेच होतं, माणसाला मारायचं म्हटलं की हात गळायचे. मर्दानी खेळात सुरुवातीला समोर कुणी नसतंच, आधी पवित्रे, मग लाठी फिरवणं, एकटीचा रियाज. भिडस्त मुलींना हे फार मानवतं कारण कुणी बघत नाही, निदान शिवजयंतीच्या मिरवणुकीपर्यंत तरी. पट्टा नंतर येतो. त्यात हात खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या लोखंडी आवरणात जातो, मनगट वळतच नाही, त्यामुळे सगळा जोर खांद्यातून आणि पायातून आणावा लागतो, नुसत्या दंडाच्या ताकदीवर फिरवणारे लगेच थकतात. उंचीचा काही संबंध नाही, चार पावलं नीट टाकता आली पाहिजेत. पण खरंच कुणी अंगावर आलं तर काय, याची सवय यातून पटकन होत नाही, तेवढं धरून चला.

सोडावॉटर चष्मा:
मला बॉक्सिंगचं वेड, नंबर मायनस नऊ. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पारिंगला, म्हणजे समोरच्याशी सरावाच्या लढतीला, सरळ नाही म्हटलं, एवढ्या नंबरात डोक्याला मार बसला तर पडदा सुटायचा धोका. आता फक्त बॅगवर ठोसे मारतो, राग सगळा तिथेच जिरतो. लेकीला चष्मा असेल तर क्लास ठरवायच्या आधी डोळे दाखवून घ्या प्लीज.

आजी ऑनलाइन:
मी साठीनंतर ‘ताई ची’ ही संथ हालचालींची चिनी कला धरली, चोवीस हालचालींचा तो १९५६ चा संच. स्वभाव तापट, त्यामुळे इतकं हळू हळू करताना पहिल्यांदा डोकंच फिरायचं, सून म्हणायची आई हे तुमचं काम नव्हे. गुडघे दुखतात म्हणून फार खाली वाकत नाही, उभ्या उभ्याच करते, आणि आता बसमध्ये ब्रेक लागला तरी तोल जात नाही. तुमच्या लेकीला मात्र एवढ्यात नको, आठवीतलं पोर तिथे झोपी जाईल.