उंची नसली तरी स्थितिज ऊर्जा असते
उंचावरच्या वस्तूत स्थितिज (स्थितीमुळे साठलेली) ऊर्जा आणि हलणाऱ्या वस्तूत गतिज (गतीमुळे असलेली), असं बऱ्याचदा सांगितलं जातं. बरोबर, पण अर्धंच. कपड्यांचा चिमटा दाबून धरा. काही हलत नाही, उंचीही तीच, तरी स्प्रिंगमध्ये ऊर्जा साठलेली असते. बोट निसटलं की कळतंच!

उंचीचा हिशोबही कुठून मोजता त्यावर ठरतो. १ किलोचं पुस्तक जमिनीपासून २ मीटरवर असेल तर स्थितिज ऊर्जा साधारण २० ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचं एकक). १ मीटर उंच टेबलापासून मोजलं तर १०च. ते २ मीटरवरून पडलं तर जमिनीला टेकताना वेग सेकंदाला सव्वासहा मीटरच्या आसपास. गंमत म्हणजे अर्ध्या वाटेवर (जमिनीपासून मोजलं तर) ऊर्जा निम्मी स्थितिज, निम्मी गतिज असते, पण वेग निम्मा नसतो, सेकंदाला ४.४ मीटर असतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते ना!