स्पॉट वेल्डिंगपाशी फोनचं ॲप ५२ दाखवतंय, 'धोका नाही' लिहू का?

मेंटेनन्सवाला:
नमस्कार मंडळी. मी मूळचा इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचा, सेफ्टीचं काम गेल्या महिन्यात गळ्यात पडलं. शॉपमध्ये पायाच्या पेडलवर चालणारी दोन स्पॉट वेल्डिंग मशिनं आहेत, ५० हर्ट्झ, वेल्डिंग करंट ९००० अँपिअर. पलीकडे एक इंडक्शन हीटर. आमच्या एका जुन्या ऑपरेटर काकांना पेसमेकर बसलाय. ते कामावर परत यायचं म्हणतात आणि साहेबांना सोमवारपर्यंत ईएमएफच्या (विद्युतचुंबकीय क्षेत्रांच्या) रिस्क असेसमेंटचा कागद हवाय.

फोनवर चुंबकीय क्षेत्र मोजायचं ॲप टाकून सगळीकडे फिरलो. माझ्या टेबलावर ४५ मायक्रोटेस्ला, कँटीनमध्ये ४७, वेल्डिंग चालू असताना मशीनपाशी ५२. इक्निर्पच्या (अशा क्षेत्रांच्या मर्यादा सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) २०१० च्या तक्त्यात ५० हर्ट्झला कामगारांसाठी १००० दिसतंय. मग प्रश्नच मिटला? पण मनाला पटत नाही. वेल्डिंगचा टाका पडला की तपासणीच्या टेबलावरचा जुना पिक्चर ट्यूबचा मॉनिटर थरथरतो.

जुना_मीटर:
भाऊ, तुम्ही पृथ्वी मोजलीत! फोनमधला सेन्सर होकायंत्रासाठी असतो. पृथ्वीचं क्षेत्र जागेनुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला, म्हणून तुमच्या कँटीनमध्येही ४७ आलं. मशीनपाशी जरा वाढलं ते लोखंडामुळे. ५० हर्ट्झचं क्षेत्र सेकंदात ५० वेळा उलटसुलट होतं, ते या ॲपच्या आकड्यात उतरतच नाही. त्यात टाका १० सायकलचा असेल तर सगळा खेळ ०.२ सेकंदांत आटोपतो.

कागदावर अंदाज काढा. सरळ लांब तारेसाठी ०.२ गुणिले अँपिअर, भागिले मीटरमधलं अंतर. ९००० अँपिअर, ३० सेंटिमीटर: ६००० मायक्रोटेस्ला. तुमच्या मशीनचा घसा (इलेक्ट्रोडच्या दोन दांड्यांमधली जागा) म्हणजे करंटचं वेटोळं, सरळ तार नव्हे, त्यामुळे खरा आकडा वेगळा येईल आणि लांब जाल तसा झपाट्याने उतरेल. पण मोजल्याशिवाय सही करू नका, एवढं त्यावरून कळतं.

तीन अक्षांचा प्रोब आणि पीक होल्ड (सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवायची सोय) असलेला मीटर भाड्याने आणा. ऑपरेटर उभा राहतो तिथेच डोकं, छाती, कंबर या उंचीवर मोजा; मशीनच्या मागे दोन मीटरवर मोजून 'सुरक्षित' लिहिलेले कागद मी पाहिलेत. १००० च्या वर गेलात म्हणजे मर्यादा मोडलीच असंही नाही, मग शरीरात किती विद्युत क्षेत्र तयार होतं याचा हिशोब करावा लागतो. हीटरची फ्रिक्वेन्सी प्लेटवर बघा. ३ किलोहर्ट्झच्या वर ती १००० ची पातळी १०० मायक्रोटेस्लापर्यंत उतरते आणि नुसता ५० हर्ट्झचा मीटर तिथे कामाचा नाही.

शंकासुर:
पण याने कॅन्सर होतो ना? आणि वायफायचं काय?

जुना_मीटर:
२००२ मध्ये आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने) या कमी फ्रिक्वेन्सीच्या चुंबकीय क्षेत्राला '२बी', म्हणजे 'कदाचित', या गटात टाकलं. आधार होता घरातल्या क्षेत्राचा आणि लहान मुलांच्या ल्युकेमियाचा. आपण वर बोललो त्या मर्यादा कॅन्सरसाठी नाहीतच. नसा उद्दीपित होणं, डोळ्यांपुढे लुकलुकणं अशा तात्काळ परिणामांसाठी आहेत. वायफायवर तुमचा सोमवार घालवू नका.

छातीत_बॅटरी:
मला स्वतःला पेसमेकर आहे म्हणून लिहितो. १००० हा आकडा काकांसाठी नाहीच. बाहेरचा सिग्नल हृदयाचा ठोका समजून यंत्र आपला ठोका द्यायचं थांबू शकतं, आणि ते किती क्षेत्राला होईल हे मॉडेल आणि सेटिंगवर ठरतं. काकांच्या पेसमेकर कार्डावरचा मॉडेल नंबर आणि तुमची मोजमापं हृदयरोगतज्ज्ञांमार्फत यंत्र बनवणाऱ्यांकडे पाठवा. लेखी उत्तर येईपर्यंत त्यांना त्या भागात फिरकू देऊ नका. माझं उत्तर यायला तीन आठवडे लागले होते.

मेंटेनन्सवाला:
मीटर मिळाला. घशापासून ४० सेंटिमीटरवर छातीच्या उंचीला १९००, एक मीटरवर २१०. म्हणजे पाऊलभर मागे सरकलं तरी केवढा फरक! पण जॉब (वेल्ड करायचा तुकडा) हातात धरावा लागतो, मागे सरकणार कसं? आता जॉब धरायला जिग बनवायला टाकलाय. हीटरचा मीटर अजून यायचाय. साहेबांना सांगितलं, सोमवारी अर्धाच कागद मिळेल. चेहरा बघण्यासारखा होता.

काकांना साहेबांनी परस्पर तपासणीच्या टेबलावर बसवायचं ठरवलं होतं. तोच थरथरणारा मॉनिटर! तिथे मोजलं तर ४ आलं. पिक्चर ट्यूब हलवायला तेवढं पुरतं म्हणे. तरी उत्तर येईपर्यंत काका स्टोअरमध्येच, आणि माझ्याशी बोलत नाहीत.